किहीमची ओहोटी आणि नसरीन मोहमदींच्या रेघा

खडूफळा
अलिबाग तालुक्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. नववीच्या मुलांना वर्षातून एकदा किहीमला न्यायचे, तेही ओहोटीची वेळ बघून. कागद-पेन्सिल हातात द्यायची आणि सांगायचं, आज माड नाही, होडी नाही, सूर्य नाही. पाणी मागे जाताना वाळूवर जे ठेवून जातं, तेवढंच काढा. पहिला अर्धा तास मुलं वैतागायची. मग एखादी मुलगी उकिडवी बसायची, पार वाळूला नाक लागेल इतकी वाकायची आणि हळूच म्हणायची, "बाई, ह्या रेघा समांतर नाहीयेत."

२०१३च्या सुरुवातीला लेकीकडे दिल्लीला गेले होते. साकेतच्या किरण नाडर संग्रहालयात नसरीन मोहमदी यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, तिथे ती मला घेऊन गेली. नाव मी ऐकलंही नव्हतं. पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेघा. रंग नाही, आकृती नाही, खाली चित्राचं नाव नाही, काढल्याची तारीख नाही. मी पहिल्या चित्रासमोर उभी राहिले आणि माझ्या पायाखाली किहीमची वाळू आली. खोटं वाटेल, पण अगदी असंच झालं. पुढच्या दालनात त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो होते. ओली वाळू, पाण्याची कड, सावल्या. आणि मग भिंतीवरच्या माहितीत वाचलं: जन्म १९३७, कराची. मृत्यू १९९०, किहीम.

किहीम! मे १९९० मध्ये मी तिथून १०-१२ किलोमीटरवर राहत होते. शाळेत पाच वर्षं झाली होती. एवढी मोठी चित्रकार, तीही माझ्यासारखी शिकवणारी बाई, आमच्या किनाऱ्यावरच्या घरात शेवटचे दिवस काढत होती आणि आम्हा चित्रकला शिक्षकांपैकी कुणाला पत्ता नव्हता. गेली कित्येक वर्षं ही गोष्ट मनात अडकून आहे, म्हणून हा धागा.

त्यांच्याबद्दल थोडक्यात. त्या लहान असताना आई गेली. १९४४ मध्ये कुटुंब कराचीहून मुंबईला आलं. वडिलांचं बहारीनला फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कॅमेरा घरचाच. १९५४ ते ५७ लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, पुढे १९६१ ते ६३ फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. मधल्या काळात मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम. तिथे चित्रकार वासुदेव गायतोंडे होते, एम. एफ. हुसेन होते. १९७२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभागात शिकवायला लागल्या आणि सोळा वर्षं, १९८८पर्यंत, तिथेच शिकवत राहिल्या.

सोळा वर्षं. ह्या आकड्यावर मी फार थांबते. त्यांच्याबद्दल लिहिणारे एकांत, ध्यान, अनंत असे शब्द वापरतात. चुकीचे नाहीत ते. पण ही बाई रोज सकाळी उठून वर्गावर जात होती. मुलांची कामं बघत होती. ज्याने शिकवलंय त्याला ठाऊक आहे, त्यानंतर घरी येऊन स्वतःच्या कागदासमोर बसायला काय लागतं.

कुणी त्यांची चित्रं पाहिली असतील, बडोद्यात कुणी असेल, तर जरूर लिहा.

निळीशाई
ताई, फार छान लिहिलंत. मी मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे गायतोंडे म्हटलं की सगळे कान टवकारतात, नसरीन म्हटलं की निम्म्यांना माहीत नसतं. खरं तर दोघं एकाच वाटेवरचे. गायतोंडे त्यांच्याहून १३ वर्षांनी मोठे, आणि तरुणपणी त्यांचा मोठा आधार नसरीनना मिळाला. आकृती सोडून देऊन चित्र करायचं धाडस एकट्याने होत नाही, बाजूला कुणीतरी ते करत असावं लागतं.

फरक एवढाच की गायतोंड्यांनी रंग धरून ठेवला. नसरीननी तोही सोडला. साठच्या दशकातली त्यांची कामं पाहिलीत तर त्यात शाईचे ओघळ आहेत, फांद्यांसारखे, पाणवनस्पतींसारखे आकार आहेत. सत्तरच्या दशकात ते सगळं गळून पडतं आणि उरते जाळी. आडव्या-उभ्या रेघांची. पुढे ऐंशीच्या दशकात जाळीही जाते आणि मोकळ्या कागदावर दोन-चार तिरप्या रेघा, एखादा वर्तुळाचा कंस. म्हणजे प्रत्येक दहा वर्षांनी त्यांनी स्वतःकडचं काहीतरी टाकून दिलं.

टी_स्क्वेअर
मी सार्वजनिक बांधकामाच्या कामांवर ३४ वर्षं आरेखक होतो. निवृत्त. कलेतलं मला कळत नाही, पण रेघेतलं कळतं, म्हणून विचारतो. राग मानू नका.

तुम्ही म्हणता ती चित्रं मी आत्ता मोबाइलवर बघितली. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, रूलिंग पेन, सगळी रेघा आखायची साधनं. आमच्या ऑफिसात आम्ही दहा जण दिवसभर हेच करत होतो. पुलाचे आडवे छेद, कालव्याचे नकाशे. आमच्या कामात एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर साहेब नकाशा परत पाठवायचे. तिथे त्या रेघेवर पूल उभा राहायचा. इथे त्या रेघेवर काय उभं आहे? आमच्यातल्या कुणाचा नकाशा संग्रहालयात गेला नाही. मग ह्यांचाच का? खरंच जाणून घ्यायचं आहे.

खडूफळा
काका, राग कशाचा, हा प्रश्न तुम्हीच विचारू शकता. माझ्याकडे पुरं उत्तर नाही, पण जे दिसलं ते सांगते. मोबाइलवर ही चित्रं दिसतच नाहीत. छापीलमध्येसुद्धा नीट दिसत नाहीत. मूळ कागद हाताच्या अंतरावरून बघावा लागतो. तेव्हा कळतं की एकच रेघ डावीकडे दाट आहे आणि उजवीकडे जाताना श्वास सोडावा तशी विरळ होत गेली आहे. दोन रेघांमधलं अंतर प्रत्येक वेळी थोडं थोडं बदलतं. त्यामुळे सपाट कागदाला उतार येतो, कुठे तो आत बुडतो, कुठे वर येतो. तुमच्या नकाशात रेघ ही कशाची तरी असायची. पुलाची, पाण्याची. इथे ती कशाचीच नाही, म्हणून सगळा भार तिच्या एकटीवर आहे.

बडोदेकर
आमच्या चार पिढ्या बडोद्यात. सत्तरच्या दशकात मी विज्ञान शाखेला होतो, मोहमदी मॅडमना ओळखत नव्हतो, त्यामुळे आठवणी सांगता येणार नाहीत. पण ते वातावरण सांगू शकतो.

आमची ललित कला शाखा १९५०ची. चित्रकला विभागाचे सुरुवातीचे प्रमुख आपले ना. श्री. बेंद्रे, मूळचे इंदूरचे. शिल्पात शंखो चौधुरी. नसरीन आल्या तेव्हा के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, जेराम पटेल अशी माणसं तिथे होती. आम्ही विज्ञानवाले दर मेळ्याला तिकडे जायचो. विद्यार्थी-शिक्षकांनी मिळून केलेली खेळणी, मुखवटे, बाहुल्यांचे खेळ, नुसती जत्रा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळचं बडोदं हे गोष्टी सांगणाऱ्या चित्रांचं गाव झालं होतं. माणसं, गल्ल्या, घरं, चहाची दुकानं. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात शेख, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधुरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते. चित्रात माणूस परत आला पाहिजे, असं सगळे म्हणत होते. आणि त्याच गावात, त्याच विभागात ही बाई एकटी रेघा ओढत होती. भांडण नाही, जाहीरनामा नाही. ही सगळी त्यांचीच मित्रमंडळी. पण त्यांच्या प्रेमापोटीही तिने एक माणूस कागदावर काढला नाही. मला ह्याचं अतोनात कौतुक वाटतं. विरोधकांसमोर टिकणं सोपं असतं, मित्रांमध्ये राहून आपलं वेगळं जपणं कठीण.

समुद्रफेन
+१ बडोदेकर. शेवटचं वाक्य फार पटलं.

सुगरण
किहीमचं नाव आलं म्हणून लिहिल्यावाचून राहवेना. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो किहीमलाच. शिडीवर छोटा तंबू लावून तासन् तास बसायचे. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच पुढे पुरं होतं, आणि मग तो दुसरं विणायला घेतो, हे त्यांना तिथे उमगलं. एकाच गावात साठ वर्षांच्या अंतराने दोन माणसं, दोघंही न बोलता बघत बसणारी. आणि एक गवताच्या काड्यांचं विणकाम बघतोय, एक रेघांचं. आमच्या अलिबागकरांना ह्या दोन्हीचा अभिमान असायला हवा.

पाणकापड
इचलकरंजीहून. घरचे माग होते. वरती कुणी म्हटलंय म्हणून मी नसरीन यांनी काढलेले फोटो शोधले. एका फोटोत मागावर ताणून बसवलेला ताणा आहे, नुसते उभे धागे, प्रकाशात. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा अजून गेलेला नाही. आमच्याकडे लहानपणी मी ह्याच कोनातून बघायचे, मागाच्या खाली बसून. ताणा नीट ताणलेला असला की त्याला बोट लावलं तर तो वाजतो. त्यांच्या चित्रातल्या रेघा मला तशा ताणलेल्या वाटल्या. काका म्हणतात तसं मलाही कलेतलं कळत नाही, पण हे कळलं.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. मार्च २०१६ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मॅडिसन अव्हेन्यूवर 'मेट ब्रॉयर' नावाची नवी शाखा उघडली. उघडताना जी प्रदर्शनं लावली त्यातलं एक नसरीन मोहमदींचं होतं. आधी तेच दिल्लीहून माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयामध्ये जाऊन आलं होतं. मी ऑफिसातून लवकर निघून तीनदा गेले.

एका काचेच्या पेटीत त्यांच्या डायऱ्या होत्या. नेहमीच्या तारखा छापलेल्या डायऱ्या. त्यात त्यांनी लिहिलंय आणि मग लिहिलेल्या काही ओळी शाईने पट्टे ओढून झाकून टाकल्यात. त्यामुळे पान वाचायचं की बघायचं, कळत नाही. कमीत कमीतून जास्तीत जास्त, अशा अर्थाची त्यांची एक नोंद आहे. माद्रिदच्या प्रदर्शनाचं नावही डायरीतल्याच वाक्यावरून होतं, वाट पाहणं हाही उत्कट जगण्याचा भाग आहे, अशा अर्थाचं. माझे बाबा तेव्हा पुण्यात दवाखान्यात होते आणि मला रजा मिळत नव्हती. त्या वाक्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

तिथले लोक त्यांची तुलना अ‍ॅग्नेस मार्टिन ह्या अमेरिकन चित्रकर्तीशी करतात. २००७ मध्ये जर्मनीत कासेलला डॉक्युमेंटा प्रदर्शनात दोघींची चित्रं होती. मला ती तुलना थोडी खटकते. मार्टिनच्या जाळ्या शांत बसलेल्या असतात. नसरीनच्या रेघा निघालेल्या असतात, कुठेतरी चाललेल्या.

निळीशाई
हडसनकाठ, 'निघालेल्या' हा शब्द नेमका आहे. ऐंशीच्या दशकातल्या तिरप्या रेघा बघताना असंच होतं, कागद संपतो पण रेघ थांबत नाही.

एक भर: दिल्लीचं प्रदर्शन आणि पुढची परदेशातली मांडणी ज्यांनी केली त्या रुबिना करोडे बडोद्यात नसरीन यांच्या विद्यार्थिनी होत्या. नसरीनबाईंनी जिवंतपणी आपले फोटो कधी कुठे लावले नव्हते. चित्रांना नावं नाहीत, तारखा नाहीत. अशा वेळी नंतर कुणीतरी बसून कागदन् कागद लावावा लागतो. ते काम विद्यार्थिनीने केलं.

मोगरा
माझ्या आईला पार्किन्सन आहे. नसरीन यांना तसाच काहीतरी आजार होता असं वाचलं. खरं आहे का? आणि असेल तर त्या ह्या रेघा कशा ओढत होत्या? आईला आता स्वतःची सही जमत नाही. पूर्वी ती मोत्यासारखं लिहायची.

खडूफळा
मोगरा, हो. पार्किन्सनसारखा मज्जासंस्थेचा दुर्मीळ आजार होता. शेवटच्या वर्षांत हाता-पायांवरचा ताबा सुटत गेला. ५३व्या वर्षी गेल्या. पण त्या काळातली चित्रंसुद्धा तितकीच नेमकी आहेत.

एक मात्र मला मनापासून वाटतं. आजार होता म्हणून त्या रेघेकडे वळल्या, किंवा आजारामुळे चित्रं मोठी झाली, असं कुणी म्हणू नये. आजार बळावण्याच्या कितीतरी आधीपासून रेघा होत्या. वीस वर्षांची सवय हाताला होती, म्हणून हात दगा देत असतानाही काहीतरी साथ देत राहिलं असणार. बडोद्यातल्या त्यांच्या घराबद्दल वाचलंय की खोल्या जवळजवळ रिकाम्या, स्वच्छ, आणि जमिनीवर बसून वापरायचं एक बुटकं ड्रॉइंग टेबल. ते वाचून मला आधी संन्यास वगैरे आठवला नाही. मला वाटलं, हात थरथरत असेल तर जमिनीवर बसून मांडीचा, टेबलाचा, पट्टीचा जेवढा आधार मिळेल तेवढा माणूस घेईल.

आईंना माझा नमस्कार सांगा. शक्य असेल तर जाड पट्टी देऊन तिच्या कडेने पेन्सिल फिरवायला सांगून बघा. अक्षर नको, नुसती रेघ. माझ्या एका मावशीला त्यात बरं वाटायचं.

टी_स्क्वेअर
मोगरा, पट्टीला खालून एक-दोन नाणी चिकटपट्टीने चिकटवा. कड कागदापासून वर उचललेली राहते, पट्टी सरकली तरी शाई फिस्कटत नाही. आम्ही सेट स्क्वेअरला हेच करायचो.

मोगरा
धन्यवाद काका. आजच करते.

टी_स्क्वेअर
चार दिवसांनी लिहितोय. मी माझा प्रश्न तसाच सोडून द्यायला तयार नव्हतो, म्हणून माळ्यावरून जुनी पेटी काढली. रूलिंग पेनच्या पात्यांना गंज होता, तेलाच्या दगडावर घासून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्या पेनाला निब नसते, दोन पाती असतात आणि त्यांना जोडणारा एक छोटा स्क्रू. स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरते. पात्यांच्या मध्ये थेंबभर शाई सोडायची. जास्त झाली तर ठिबकते, कमी झाली तर अर्ध्यात तुटते. पातं बाहेरून ओलं राहिलं तर सेट स्क्वेअरच्या खाली शाई पसरते आणि दिवसभराचं काम जातं.

मी ठरवलं, साठ रेघा. वरून खाली, प्रत्येक दोघींमधलं अंतर आधीच्यापेक्षा किंचित कमी. मोजपट्टी न वापरता, डोळ्याने. कारण ताईंनी म्हटलं होतं की अंतर सतत बदलतं, आणि इतकं बारीक बदलणारं अंतर मोजपट्टीवर मिळतच नाही.

पहिल्या दिवशी विसाव्या रेघेला चुकलो. आमच्याकडे ट्रेसिंग पेपरवर चूक झाली की ब्लेडने खरवडायचो, वरून दुसरी रेघ मारायचो, छापात काही कळायचं नाही. इथे खरवडलं की कागद उसवतो आणि तेवढाच डाग दिसतो. नवा कागद घेतला. दुसऱ्या दिवशी सदतिसाव्या रेघेला चुकलो. रेघ सरळच होती, चूक अंतरात होती. छत्तीस रेघांनी मिळून एक उतार तयार केला होता आणि सदतिसावी त्या उतारावर बसत नव्हती. ३४ वर्षांच्या नोकरीत मला अशी चूक कधी झाली नाही, कारण अशी चूक होऊच शकत नव्हती. अंतर नकाशावर दिलेलं असायचं. इथे पुढची रेघ कुठे हे आधीच्या रेघा ठरवत होत्या आणि मला त्या ऐकू येत नव्हत्या.

आज चौथ्या दिवशी साठ झाल्या. चांगल्या नाहीत. पण खालच्या बाजूला, जिथे अंतर फार कमी होतं, तिथे कागद आत वळल्यासारखा दिसतो. बायकोला दाखवलं, ती म्हणाली, पाणी आहे का हे? मी काहीच सांगितलं नव्हतं तिला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं मी समजतो. आणि जाता जाता, आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या रेघा अशाच होत्या, आम्ही त्याच्या नकाशांकडे नुसतं बघत राहायचो. तो गेला. त्याची आठवण आली.

समुद्रफेन
काका, फोटो टाका ना.

टी_स्क्वेअर
मोबाइलवर दिसणार नाही असं ताईंनीच सांगितलंय.

खडूफळा
काका, हे वाचून मी सकाळपासून दोनदा उठून चहा केला आणि दोन्ही वेळा थंड झाला. सदतिसाव्या रेघेचं तुम्ही जे लिहिलंत ते मला ३१ वर्षांत मुलांना असं सांगता आलं नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या भूमितीच्या पेपरला मी मुलांना सांगायचे, रेघ स्वच्छ काढा, जोड दिसू देऊ नका, गुण जातात. बरोबरच होतं ते. पण रेघा एकमेकींचं ऐकतात हे सांगायचं राहिलं.

सगळे मिळून किहीमला रेघा काढायला जाऊ या का, असं ज्यांनी निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी: शेवटचा रविवार धरू. मुंबईकरांनी गेटवेवरून मांडव्याची पहिली लाँच घ्यावी, पुढे रिक्षाने किहीम. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी इथेच कळवते, त्याप्रमाणे अर्धा तास पुढे-मागे होईल. ऊन असेल, टोपी आणा. कुणाचंही घर शोधायला जायचं नाही, तिथे आता राहणाऱ्यांना त्रास नको. आपण फक्त किनाऱ्यावर बसायचं. मी जाड कागद आणि २बी पेन्सिली आणते.

पाणकापड
इचलकरंजीहून रात्रीच्या गाडीने निघाले तर पोचेन ना? मुलीलाही आणते, सातवीत आहे.

खडूफळा
नक्की पोचाल. पनवेलला उतरा, तिथून अलिबागची एसटी. वडखळला चहाला थांबते.

टी_स्क्वेअर
मी येतो. गुडघ्यामुळे वाळूत बसता येणार नाही, घडीची खुर्ची आणतो. ग्राफ पेपरचं एक अख्खं पॅड पडून आहे, तेही आणतो. सातवीतल्या मुलीसाठी जुनं रूलिंग पेन आहे, घासून ठेवलंय.